ह्यात मपलं काय?

मलप्पाची अन् माझी ओळख भांडणातून झाली. माझ्या बहुतेक ओळखी तशाच आहेत.

नांदेडला लातूर फाट्याजवळ एका गाळ्यात त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटार घ्यायची, आतली काळी पडलेली तांब्याची तार उपसून काढायची, नव्या तारेचे वेढे घालून कॉइल करायच्या, त्या खाचांत बसवायच्या, टोकं जोडायची, वरून दोऱ्यानं आवळून बांधायचं. बावीस वर्षं तो हेच करतो. आमच्या वस्तीच्या बोअरची मोटार जळाली तेव्हा मी ती त्याच्याकडे टाकली. मे महिना. साठ घरं, एक बोअर. तिसऱ्या दिवशी गेलो तर मोटार भरून तयार, पण लाइट गेलेली.

तो म्हणाला, "भाऊ, लाइट आली की चालवून बघतो, मग न्या."

मी म्हणालो, "बायका घागरी घेऊन माझ्या दारात बसल्यात. तू काय मुहूर्त बघून राहिला का?"

आणि मोटार टेम्पोत टाकून नेली. बोअरमध्ये सोडली. बटन दाबलं तर स्टार्टर पडला. पुन्हा दाबलं, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा मी चिडून दाबून धरलं अन् मोटार गेली.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या दुकानासमोर उभा राहून जे बोललो ते इथं लिहीत नाही. सातवी नापास माणूस आहे मी, पण शिव्यांमध्ये माझं वाचन दांडगं आहे. रस्त्यावरची माणसं थांबली. शेजारचा पंक्चरवाला हातातलं काम टाकून आला. मलप्पा खाली बसलेला होता तो उठलासुद्धा नाही. माझं संपेपर्यंत थांबला.

मग म्हणाला, "उलटी पडली."

"काय उलटी पडली?"

"एक कॉइल उलटी जोडली मी. सुरवातीच्या टोकाला रंगीत नळी असती, शेवटच्या टोकाला काळी. निळी अन् काळी मला दोन्ही सारख्याच दिसल्या."

"डोळे फुटलेत का तुझे?"

"हाव," तो म्हणाला. "फुटून राहिलेत."

पंक्चरवाला परत गेला.  मलप्पानं दोन दिवसांत मोटार पुन्हा भरून दिली, या वेळी बायकोला शेजारी बसवून. सिंधुवहिनी एकेक टोक हातात देत होती अन् म्हणत होती, "ही निळी. ही काळी." तो मान हलवत होता.

त्यानंतर मी जात राहिलो. कामावरून जाता-येता थांबायचो. का, ते मला तेव्हा कळलं नाही. आता वाटतं, माझ्यासमोर न ओरडणारी माणसं मला फार भेटलेली नव्हती.

मलप्पा एकेचाळीस वर्षांचा. देगलूरच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या गावचा. गावाचं नाव लिहू नका, असं त्यानंच सांगितलंय. घरी थोडी जमीन आहे, ती धाकटा भाऊ शिवप्पा करतो. घरात मराठी अन् कानडी मिसळून बोलतात. आईला अव्वा म्हणतात. अव्वा, म्हणजे बसम्मा, नांदेडला त्याच्याजवळच राहते.

त्याचे डोळे कडेनं जात होते. समोरचं दिसायचं, पण पाइपातून बघावं तसं. बाजूला ठेवलेला पाण्याचा गडू हमखास लवंडायचा. दिवस मावळला की सिंधुवहिनी हाताला धरून त्याला घरी न्यायची. डॉक्टरांना दाखवलं होतं. त्यांनी दिव्यानं आत बघितलं अन् सांगितलं, डोळ्याच्या आतला पडदा कडेनं वाळत येतोय. औषध नाही. चार-पाच वर्षं. मग विचारलं, आई-वडील नात्यातले का?

"अव्वाचा सख्खा मामाच माझा बाप," मलप्पानं सांगितलं. त्या पट्ट्यात हे नवीन नाही. बहिणीला पोरगी झाली की भावाचा पहिला हक्क, असं मानतात. बारशातच बोलून ठेवतात. डॉक्टरांनी मान हलवली अन् पुढं काही विचारलं नाही.

"मग तुला काय वाटलं?" मी विचारलं.

"काही न्हाई. बाहेर येऊन रस पिला. एक गिलास सिंधुला दिला."

त्याचा बाप बेचाळिसाव्या वर्षी आंधळा झाला होता. आजा त्याच्याही आधी. पण त्यांच्या गावात ह्या गोष्टीला रोग म्हणत नाहीत. गावात मठ आहे. मठाच्या दारात डाव्या हाताला गुडघाभर उंचीचा एक काळा दगड आहे. त्या दगडावर ह्या घराण्यातला आंधळा बसतो. दर्शनाला येणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळाला तोच इभूत, म्हणजे मठातली राख, लावतो. गावचा पाटील असो, मजूर असो, सासरी निघालेली नवरी असो. त्याला दिसत नाही म्हणून तो लहान-मोठं करत नाही, असं म्हणतात. त्याच्या हातची इभूत लागल्याशिवाय त्या गावात लग्न लागत नाही. वर्षाचं धान्य गाव देतं. आजा तीस वर्षं बसला. बाप सत्तावीस. बाप मेल्याला आठ वर्षं झाली होती अन् दगड रिकामा होता.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो. म्हणालो, "म्हणजे आंधळेपणाची नोकरीच राखून ठेवलीय म्हण की!"

तो हसला नाही. म्हणाला, "माझा बाप लाचार न्हवता, भाऊ. गावात त्याच्याइतका मान कुणाला न्हवता."

आषाढात शेषेराव काका आले. मठाच्या पंचांमधले हे वडीलधारे. पांढरं धोतर, कपाळाला तीन पट्टे. मी तिथंच होतो. आल्या आल्या "शरणार्थ" म्हणून नमस्कार झाला, पाणी झालं. मग ते मलप्पाच्या हाताकडं बघत राहिले. तो मोटारीच्या एका खाचेत इन्सुलेशनचा कागद सारत होता. दोनदा चुकला.

शेषेराव म्हणाले, "तार गुंडाळायला डोळे लागतेत मलप्पा. इभूत लावायला न्हाई लागत."

मलप्पानं कागद पुन्हा सारला.

"आठ वर्षं झाली. लोक येतेत, सवयीनं डावीकडं वळून कपाळ पुढं करतेत. कोणी न्हाई."

"पुजारी लावतो की," मलप्पा म्हणाला.

"लावतो. पण त्याला दिसतंय ना!"

हे बिनतोड होतं. म्हणूनच मला जास्त राग आला. मी म्हणालो, "काका, धडधाकट कारागिराला दारात नेऊन बसवायचं, त्याला भीक म्हणतात."

ते माझ्याकडं वळले. "तुम्ही कोण?"

"कार्यकर्ता."

"कोणत्या पक्षाचे?"

"कोणत्याच नाही."

"मग कशाचे कार्यकर्ते?" म्हणाले अन् परत मलप्पाकडं वळले. "शेवटच्या श्रावण सोमवारी ये. सगळा गाव राहील. त्या दिशी बसायचं."

"विचार करतो, काका."

"त्यात विचार काय करायचा? तुझ्या जल्माच्या आधीपासून ठरलेलं हाय."

ते गेले. अव्वा आतल्या बाजूला शेंगा फोडत बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती एवढंच म्हणाली, "तुझ्या बापानं कधी इचार केला न्हाई." तक्रार म्हणून नाही. आठवण सांगितल्यासारखं.

मलप्पानं हातातलं काम खाली ठेवलं. मग मला म्हणाला, "भाऊ, तुम्ही लई पुस्तकं वाचून राहिलाव. एक सांगा. डोळे बापाचे. हे दुकानाचं काम मामानं लावून दिलं, कामून तर त्याच्या खोलीच्या शेजारी खाजामियाँचं रिवायंडिंगचं दुकान होतं. खाजामियाँ नांदेडात होते मनून मी नांदेडात. सिंधुला अव्वानं पसंत केलं. आता हा दगड. ह्यात मपलं काय हाय?"

आमच्याकडं मपलं म्हणजे निव्वळ स्वतःचं. दुसऱ्या कुणाचा हात न लागलेलं. मी त्याला समाज, रूढी, शोषण असं बरंच सांगितलं. तो ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्यानं विचारलं, "हाव, पण मपलं काय?"

श्रावण लागायच्या आधी एका रविवारी मी त्याच्याबरोबर लातूरला गेलो. मला तिथं बैठक होती अन् त्याची पोरगी तनुजा तेव्हा तिथं बारावीला होती. होस्टेल, क्लास, परीक्षा, पुन्हा क्लास. रविवारी दुपारी दोन तास आई-बापांना भेटू देतात. क्लासच्या बाहेर झाडाखाली चादरी टाकून माणसं बसलेली असतात. धपाटे, दही, शेंगाची चटणी. पोरं जेवता जेवताही वही सोडत नाहीत.

तनुजानं वही काढली. "पप्पा, आपलं घर काढलंय बघा. सरांनी सगळ्या वर्गाला दाखवलं."

आनुवंशिकतेचा धडा चालू होता. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. आजार असेल तर आकृती काळी भरायची. नात्यातलं लग्न असेल तर मधे एक रेघ न काढता दोन काढायच्या. तिनं पट्टी लावून स्वच्छ काढलं होतं. तीन काळे चौकोन, एकाखाली एक. वरच्या दोन पिढ्यांत दोन दोन रेघा.

मलप्पानं वही तोंडाजवळ नेली, वाकडी-तिकडी फिरवली, मग बोट ठेवलं. "हा मी?"

"हो."

"अन् तू?"

"हा अर्धा भरलेला गोल. माझ्यात आहे, पण मला होणार नाही. आई बाहेरच्या घरातली आहे ना, म्हणून वाचले." तिनं दह्यात धपाटा बुडवला. "फक्त माझं लग्न नात्यात करू नका."

"न्हाई करणार."

"शिवाकाका म्हणत होते..."

"न्हाई करणार म्हणलं ना."

एवढं एक वाक्य तो त्या दिवशी जोरात बोलला. शेजारच्या चादरीवरच्या बाईनं वळून बघितलं. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "माणूस कशानं घडतो, तुमच्या पुस्तकात काय दिलंय?"

"अनुवंश आणि परिस्थिती. दोन्ही मिळून."

"अन् तिसरं?"

"तिसरं अभ्यासक्रमात नाही," तनुजा म्हणाली. घंटा झाली तशी ती वही घेऊन आत गेली. पोरगी हुशार आहे. तिच्या बोलण्यात दुःख नव्हतं, अन् ते का नव्हतं हे मी विचारलं नाही.

परतीच्या एसटीत अहमदपूर मागं पडलं. मग मलप्पा खिडकीकडं तोंड करून म्हणाला, "चौकोन काळा भरला की आत काही लिहायला जागा राहत न्हाई."  लोहा आलं, माणसं चढली-उतरली.  त्याला बहुतेक काही वाटत नव्हतं अन् मलाही तेव्हा काही वाटलं नाही.

श्रावणातल्या पहिल्या आठवड्यात मुदखेडहून एका पिठाच्या गिरणीची मोटार आली. गिरणीवाला म्हणाला, "ही तुम्हीच भरलेली हाय. अकरा वर्षं चालली." मलप्पानं झाकण काढलं. एका बाजूची वायंडिंग जळून कोळसा झाली होती, दुसरी बाजू शाबूत होती. तो नेहमीसारखी बोटं फिरवून बघत होता. बोटं एका जागी थांबली. मागं आली. पुन्हा पुढं गेली.

कॉइल खाचेत बसवल्यावर बाहेर राहिलेलं टोक सुती दोऱ्यानं आवळतात. दर खाचेला एक फास. सगळे कारागीर तसंच करतात, तेवढं पुरतं. इथं दर फासावर दोरा मागं वळवून आणखी एक फास टाकलेला होता. वार्निशानं तो दगडासारखा झाला होता.

"हे बघा, भाऊ," त्यानं माझं बोट धरून त्यावर ठेवलं. "मी असंच बांधतो. बावीस वर्षं. कधी ध्यानातच आलं न्हाई."

"मग?"

"मग काय! ह्याची गरज न्हाई. गिऱ्हाइकाला हे दिसत न्हाई. झाकण लागलं की संपलं. तरी मी करून राहिलो."

त्याच दिवशी आम्ही नांदेडातल्याच देगलूर नाक्याला खाजामियाँकडं गेलो. त्याचे उस्ताद. आता थकलेत, घरीच असतात. बाजेवर पडून रेडिओ ऐकत होते. मलप्पानं विचारलं, ही दुहेरी बांधणी तुम्ही शिकवली का?

"मैं कायकू सिखातूँ?" खाजामियाँ उठून बसले. "एक गाँठ में काम होता, दो कायकू? डोरा खराब करता बोलके तेरेकू कित्ते गाल्याँ दिया मैं! भूल गया क्या?"

"फिर मैं क्यों करता था, उस्ताद?"

"वो तेरेकूच मालूम. गाल्याँ खाता था, फिर वोइच करता था. बैल के माफिक."

मलप्पा हसला. मी त्याला हसताना बघितलेलं ते पहिल्यांदा. रिक्षात बसल्यावर त्यानं स्वतःशीच बोटांवर मोजल्यासारखं केलं. "शिकवलं न्हाई. गरज न्हाई. कुणाला दिसत न्हाई. शिव्या बसल्या तरी सोडलं न्हाई." मग माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "घावलं, भाऊ."

दुकानावर परत आलो. सिंधुवहिनीला दाखवलं, तिनं कौतुकानं बघितलं. अव्वानं शेंगांचं सूप बाजूला सारलं अन् म्हणाली, "आण हिकडं." तिनंही बोट फिरवलं. मग तिचा चेहरा उजळला.

"अरं, ही तर तुझ्या बापाची गाठ!"

"काय?"

"बाज विणताना तो अशीच टाकायचा. एक टाकली की मागं वळून आणखी एक. धड दिसत न्हवतं ना, भरवसा न्हवता. तू तवा चार वर्षांचा असशील. त्याच्या मांडीवर बसून दोरी धरायचास." ती खुशीत सांगत होती. पोरात बाप सापडला म्हणून तिला आनंद झाला होता. तिची काय चूक?

मलप्पानं मोटार तिच्यापुढून ओढून घेतली.  दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बसून त्यानं जुनी तार उपसली, नवी भरली. मी मुद्दाम थांबलो होतो. बांधायची वेळ आली तेव्हा त्यानं दर खाचेला एक फास टाकला. एकच. पहिल्या चार-पाच खाचांवर हात आपोआप मागं वळायचा, तो थांबवायचा, दोरा सोडून द्यायचा. मग हातही वळायचा थांबला.

ते बघून मी हललो. माझ्या पद्धतीनं हललो, म्हणजे चिडलो. चार दिवसांनी सगळा बेत करूनच मी दुकानावर गेलो. म्हणालो, "शेवटच्या सोमवारी गावात जायचं. सगळ्यांसमोर नकार द्यायचा. दोन पत्रकारांना सांगितलंय. तू बोलायचं काय ते मी लिहून आणलंय."

त्यानं कागद घेतला नाही. "पत्रकारांना कोणी सांगितलं?"

"मी."

"मी नकार देणार, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"म्हणजे? तू काय बसणार हायेस?"

"शेषेराव काका म्हणतेत, बस. डॉक्टर म्हणतेत, आंधळा होणार. पोरगी म्हणती, काळा चौकोन. अव्वा म्हणती, बापाची गाठ. तुम्ही म्हणताव, नकार दे." त्याचा आवाज जराही चढला नव्हता. "सगळ्यांचं ठरलंय, भाऊ. दगडावर बसलो तर बापाचा. न्हाई बसलो तर तुमचा. तुमच्यात अन् शेषेराव काकात फरक एवढाच की ते धोतर नेसतेत."

मी तीस वर्षं चळवळीत आहे. लाठ्या खाल्ल्यात, कोठडी बघितलीय. असं मला कुणी बोललेलं नाही. मी कागद फाडला. म्हणालो, "मग बस जा त्या दगडावर! लाव राख लोकांना! माझ्या काय बापाचं जातंय!"

"हेबी तुम्हीच सांगून राहिलाव," तो म्हणाला.

मी निघून गेलो. पत्रकारांना फोन करून नाही म्हणालो. वीस-एक दिवस त्या रस्त्यानं गेलो नाही, लांबून वळसा घातला. शेवटच्या सोमवारच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला. "उद्या जाऊन राहिलो. गप बसायचं असंल तर या."

"बसणार का तू?"

"ठावं न्हाई."

आम्ही चौघं गेलो. तो, सिंधुवहिनी, अव्वा अन् मी. देगलूरपर्यंत एसटी, पुढं जीप. अव्वानं ठेवणीतलं इरकल नेसलं होतं. मठाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. शिवप्पा पुढं आला, भावाच्या पाया पडला. दगड धुऊन ठेवला होता. त्याच्या मधोमध एक खोलगट जागा आहे, माणसं बसून बसून झालेली. घासून गुळगुळीत, आरशासारखी. बाजूच्या भिंतीत कोनाडा, त्यात इभूतीची वाटी.

शेषेराव काकांनी त्याचा हात धरला. मलप्पानं हात सोडवून घेतला अन् स्वतः गेला. दगडाला हातानं चाचपलं, खोलगट जागेवरून तळवा फिरवला. मग बसला.

  शेषेराव काकांनी वाटी त्याच्या हातात दिली. रांगेत पहिली अव्वा. तिनं पदर डोक्यावर घेतला, वाकली अन् लेकापुढं कपाळ केलं. मलप्पा बसून होता. पाठ ताठ, पाय जमिनीला टेकलेले. बघणाऱ्या कुणालाही वाटलं असतं, दगड ह्याच्याच मापानं कोरलाय. एक म्हातारी त्याच्या बापाच्या आठवणीनं मोठ्यानं म्हणाली, "डिट्टो अप्पाच."

अव्वाचं कपाळ तसंच पुढं होतं. मलप्पानं वाटी कोनाड्यात ठेवली. कोनाडा त्याला शोधावा लागला नाही. अन् तो उठला.

अव्वानं वर बघितलं. "काय झालं रं? बोचतंय का?"

"न्हाई अव्वा. बरोबर बसतंय."

"मग उठला कामून?" शेषेराव काका.

"ठावं न्हाई."

"ठावं न्हाई म्हंजे? गाव गोळा झालंय! कारण सांग."

"कारण न्हाई, काका."

कुजबुज सुरू झाली. शेषेराव काकांनी माझ्याकडं बोट केलं. "ह्यांनी शिकवलं हे! शहरातून आणलेलं खूळ!"

मी तोंड उघडलं. मलप्पा माझ्या आधी बोलला. "त्यांनी तर बस म्हणूनच सांगितलं होतं." हे खोटं नव्हतं. मी तोंड मिटलं.

मग तो रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. सिंधुवहिनी त्याच्या शेजारी. पुजाऱ्यानं नाइलाजानं वाटी घेतली अन् एकेकाला इभूत लावायला लागला. तासाभरानं मलप्पाची पाळी आली. त्यानं कपाळ पुढं केलं. डोळसाच्या हातची इभूत लावून घेतली, आत जाऊन नमस्कार केला अन् बाहेर आला. कुणी अडवलं नाही.  शिवप्पा जीपपर्यंत आला नाही.

एसटीत अव्वा खिडकीशी बसली. तिच्या कपाळाला इभूत नव्हती. ती रांगेत परत उभीच राहिली नव्हती.

मी मलप्पाला हळूच विचारलं, "खरंच कारण नव्हतं?"

"शोधलं. बसल्या बसल्या शोधून राहिलो होतो." त्यानं कपाळावरची इभूत बोटानं चाचपली. "कारण घावलं असतं तर तेबी कुणाचं तरी निघालं असतं, भाऊ."

"मग आता बरं वाटतंय का?"

"काही वाटत न्हाई."

हे होऊन वर्ष होत आलं. अव्वा महिनाभर त्याच्याशी बोलली नाही. ताट वाढून पुढं सरकवायची अन् आत जायची. आता बोलते, कामापुरतं. गावाकडून धान्य येणार नव्हतंच. शिवप्पाचा फोनही येत नाही. दगडावर सकाळी डेअरीचे दुधाचे कॅन ठेवतात, असं कुणीतरी येऊन सांगून गेलं. ते ऐकून अव्वा उठून आत गेली.

त्याला आता दिवसाही फार दिसत नाही. तो रंगीत नळ्या वापरत नाही. पहिल्या फेजच्या सुरवातीच्या टोकाला दोऱ्याची एक गाठ, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. शेवटची टोकं बिनगाठीची. मोटार चालवून बघायची वेळ आली की मीटरच्या काट्याकडं सिंधुवहिनी बघते अन् आवाज तो ऐकतो. काही गिऱ्हाइकं तुटली. आंधळ्याकडं मोटार कोण टाकणार, असं तोंडावर बोलून गेली. काही टिकली. पुढं किती टिकतील ते सांगता येत नाही अन् मी सांगणार नाही. मला आता दुसऱ्याचं पुढचं सांगायची सवय मोडायची आहे. मोडत नाही, ते वेगळं.

गेल्या आठवड्यात आमच्या बोअरची मोटार पुन्हा गेली. मी त्याच्याकडे टाकली. तिसऱ्या दिवशी गेलो तर भरून तयार होती. वरची बांधणी मी निरखून बघितली. काही खाचांवर एक फास होता, काहींवर दोन. त्यात काही क्रम दिसेना.

"हे असं का?" मी विचारलं.

"कसं?" तो म्हणाला.

लाइट गेलेली होती. माझ्या फोनवर वस्तीतून तिसरा फोन येत होता. मलप्पा दुसऱ्या मोटारीत कागद सारत होता, मान वर न करता म्हणाला, "लाइट आली की चालवून बघतो, मग न्या."

मी फोन खिशात घातला अन् फळीवर बसलो.